‘स्टॉक’, ‘कंपनी’, ‘स्टँडर्ड बोअर’: जशीच्या तशी राहिलेल्या गाडीच्या शब्दांची पार्श्वभूमी

पुण्यात जुनी गाडी बघायला आलेला जाणकार किल्ली लावण्याआधी एकच गोष्ट विचारतो, “इंजिन उघडलंय का?” त्यावर कुणी “नाही, सगळं कंपनी आहे” म्हणतं, तर कुणी तरुण मालक “पूर्ण स्टॉक आहे” म्हणतो. सांगायचं दोघांना एकच असतं, पण दोन्ही शब्दांची गावं वेगळी आहेत.

‘स्टॉक’ आला अमेरिकेतून. विक्रेत्याच्या साठ्यात जी गाडी उभी असते तशीच, एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्याला धार चढली शर्यतींमुळे. मोटार शर्यती भरवणारी नॅस्कार ही अमेरिकन संस्था १९४८ साली स्थापन झाली आणि तिने १९ जून १९४९ रोजी शार्लट इथे ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ नावाची पहिली शर्यत घेतली. अट नावातच होती : गाडी कारखान्यातून आली तशीच हवी. ग्लेन डनअवे पहिला आला, पण त्याची फोर्ड चोरटी दारू वाहणाऱ्यांच्या वापरातली होती आणि तिच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार केलेला निघाला. त्याला बाद करून जिम रोपरला विजेता ठरवलं. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘स्टॉक’ म्हणवणाऱ्या गाडीखाली वाकून बघावं लागतं, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं. पुढच्याच वर्षी मालिकेचं नाव बदललं, गाड्याही हळूहळू स्टॉक राहिल्या नाहीत. शब्द मात्र जगभर गेला. त्यातच ‘बोन स्टॉक’ आला, म्हणजे हाडापर्यंत मूळचीच.

आपल्याकडच्या ‘कंपनी’चा शर्यतीशी काही संबंध नाही. तो टंचाईतून आणि बनावट मालाच्या धास्तीतून आला. बजाजचा पियाजिओ या इटालियन कंपनीबरोबरचा परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून आकुर्डीत चेतक स्कूटर बनू लागली. नोंदणी करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. इतक्या वर्षांनी मिळालेली गाडी कोण बदलणार? ती टिकवायची असे, आणि टिकवायची म्हणजे सुटे भाग आले. नाना पेठेत केबल किंवा क्लचप्लेट मागितली की आजही “कंपनी देऊ का लोकल?” असा प्रश्न येतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात तर वापरलेला पण अस्सल भाग शोधायला माणसं मुद्दाम जातात. ‘कंपनी कलर’, ‘कंपनी फिटिंग’, ‘कंपनी पत्रा’ हे सगळे शब्द या व्यवहारातले. त्यांत गाडीच्या वेगाची बढाई नाही. आपण फसवले जाणार नाही ना, एवढीच काळजी आहे.

मेकॅनिकचा शब्द आणखी नेमका असतो : ‘स्टँडर्ड बोअर’. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. सिलिंडर झिजला की तो लेथवाल्याकडे नेऊन आतून कापतात आणि पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन घालतात. पुन्हा झिजला की आणखी पाव. म्हणून ‘बोअर स्टँडर्ड आहे’ याचा अर्थ सिलिंडरला अजून कापणी लागलेली नाही. या सगळ्या शब्दांत मला हाच सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण तो मोजता येतो.

‘ओईएम’, म्हणजे गाडीच्या कंपनीला भाग पुरवणाऱ्याचाच माल, हा शब्द मात्र भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून आला. गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या युनिटमध्ये घरातलं कुणी ना कुणी कामाला असतं. त्यामुळे कंपनीच्या खोक्यात येणारा भाग मुळात कुठल्या शेडमध्ये तयार होतो, हे इथल्या पोरांना ठाऊक असतं.

खरी उलथापालथ यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलने केली. १९८५ ते १९९६ एवढाच तिचा काळ, इंजिन ९८ सीसीचं. टू-स्ट्रोक असल्यामुळे पोर्ट (सिलिंडरमधली वायू ये-जा करणारी भोकं) घासून आणि सायलेन्सर बदलून ती आणखी पळवता येई, आणि असंख्य गाड्यांवर हे प्रयोग झाले. उत्पादन थांबलं तशा हात न लागलेल्या गाड्या विरळ होत गेल्या. मग मूळ सायलेन्सर, मूळ कार्बोरेटर, मूळ इंडिकेटर यांचा शोध सुरू झाला. जे आधी काढून भंगारात टाकलं तेच दामदुप्पट देऊन परत आणलं गेलं.

मग कायदा आला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांबद्दलच आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. गाडीचा मूळ तपशील जिथे तपासून मंजूर होतो त्या मोजक्या संस्थांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडले, तेव्हा कित्येकांनी माळ्यावरचा कंपनी सायलेन्सर खाली काढला.

आता बदल डोळ्यांना दिसतही नाही. चाकणला २०२२ पर्यंत बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचे शौकीन ‘स्टेज वन’ करतात, म्हणजे ताकद वाढवायला लॅपटॉप जोडून इंजिनच्या संगणकातली फाइल बदलतात; यालाच ‘रिमॅप’ म्हणतात. गाडी विकताना मूळ फाइल परत भरली की पत्रा, सायलेन्सर, नटबोल्ट सगळं कंपनीच दिसतं. म्हणून पोलो घ्यायला आलेला जाणकार हल्ली “इंजिन उघडलंय का?” याच्या पाठोपाठ “कधी रिमॅप केली होती का?” हेही विचारतो, आणि टर्बो व क्लच किती झिजलेत ते बघितल्याशिवाय ‘स्टॉक’ हा शब्द मान्य करत नाही.