गिरणी, समुद्रकिनारा आणि गाणी: ब्रिटिश संगीत-विनोदपटांची पार्श्वभूमी

1920च्या दशकात ब्रिटनमधली बहुतेक थिएटरं अमेरिकी सिनेमांवर चालत होती. म्हणून 1927 साली संसदेने कायदा करून वितरक आणि थिएटरमालकांना ब्रिटिश चित्रपटांचा कोटा बांधून दिला. हा कोटा पुढे 20 टक्क्यांपर्यंत चढला. तो भरायला स्वस्तात, घाईघाईने उरकलेले सिनेमे निघाले. 'कोटा क्विकी' म्हणून त्यांची टिंगलही झाली. त्यात 1929मध्ये बोलपट आला. बोलणारी, गाणारी, हसवणारी माणसं म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी-विनोदांच्या लोकप्रिय नाट्यगृहांच्या, रंगमंचावर तयारच होती.

गायिका-अभिनेत्री ग्रेसी फील्ड्स त्यांतलीच. जन्म उत्तर इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या लँकेशायरमधल्या रॉचडेलचा, बोलणंही तिथलंच, आणि पडद्यावर ते तिने लपवलं नाही. 1934च्या 'सिंग अ‍ॅज वी गो'मध्ये कापडगिरणी बंद पडते, नायिका कामाच्या शोधात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर जाते आणि शेवटी गिरणी उघडल्यावर सगळे गात गात कामावर परततात. कथा लेखक जे. बी. प्रीस्टली यांची. मंदीवर गाण्याचा उतारा भाबडाच, पण प्रेक्षकांत खरोखर काम गेलेले लोक होते. लँकेशायरच्या कापडाच्या ज्या बाजारपेठा हातच्या गेल्या, त्यांत हिंदुस्थान मोठा. मुंबईच्या गिरण्या, जपानी कापड आणि विलायती मालावरचा बहिष्कार अशी कारणं त्यामागे होती. 1931मध्ये गांधीजी लँकेशायरच्या कामगारांना भेटून आले, ते याच प्रश्नासाठी.

जेसी मॅथ्यूजचा थाट वेगळा. तीही लंडनच्या सोहोतल्या गरीब घरातली, पण 'एव्हरग्रीन'मध्ये (1934) ती चकचकीत सेटवर तरंगल्यासारखी नाचते. हे सेट जर्मनीहून आलेल्या आल्फ्रेड युंगे यांचे, तर नृत्यं अमेरिकेतले कृष्णवर्णीय नृत्यदिग्दर्शक बडी ब्रॅडली यांची. इतक्या 'ब्रिटिश' वाटणाऱ्या सिनेमात बाहेरच्यांचा एवढा हात होता, हे मला त्यातल्या गाण्यांइतकंच आवडतं.

1937च्या सुमारास कर्जावर उभा असलेला ब्रिटिश चित्रपटधंदा कोसळला आणि खर्चिक संगीतपटांची चैन आधी बंद झाली. युकुलेली-बँजो हे छोटं तंतुवाद्य वाजवत चावट गाणी म्हणणारा जॉर्ज फॉर्म्बी मात्र टिकला. 'बूट्स! बूट्स!' (1934) हा त्याचा पहिला बोलपट लंडनमधल्या एका गॅरेजवरच्या खोलीवजा स्टुडिओत उरकला होता. बीबीसीने त्याच्या ब्लॅकपूलच्या गाण्यावर बंदी घातली, तरी दुसरं महायुद्ध संपेपर्यंत त्याचे सिनेमे येतच राहिले.