ट्यूब पन्नासला, काच अडीचशेला

"मॅक्रो रिंग घेऊ की मॅक्रो फिल्टर?" पहिला पाऊस पडला की किडे-फुलांचे अगदी जवळून, म्हणजे मॅक्रो, फोटो काढू पाहणाऱ्यांचा हा प्रश्न सुरू होतो आणि दरवर्षी त्याला तेच उत्तर मिळतं: "रिंग घे. तिच्यात काच नसते, म्हणजे क्वालिटी जात नाही." तुझ्याकडे लेन्स कुठली आहे, हे उत्तर देणारा विचारतच नाही. खरं तर पहिल्यांदा विचारायला हवं ते तेवढंच.

माझ्या भाच्याने हे उत्तर ऐकून आपल्या ५५-२५० मिमीच्या झूम लेन्समागे ३६ मिमीची ट्यूब, म्हणजे तीच रिंग, चढवली आणि दोन रविवार ताम्हिणी घाटात मुंगळ्यांमागे घालवले. झूम पूर्ण २५० वर, पोटावर झोपून, श्वास रोखून. फोटोत मुंगळा फ्रेमच्या पाचव्या हिश्शातही नाही. "मामा, माझाच हात बसत नाहीये," म्हणाला. हात चांगला बसलेला होता. त्याला मिळालेला सल्ला दुसऱ्याच लेन्ससाठीचा होता.

आधी नावं नीट करून घेऊ, कारण दुकानात दोन्ही वस्तूंना "मॅक्रो" चिकटवून विकतात. एक्स्टेन्शन ट्यूब (दुकानातली मॅक्रो रिंग) म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारी पोकळ नळी. क्लोज-अप लेन्स (दुकानातला मॅक्रो फिल्टर) म्हणजे लेन्सच्या पुढे, फिल्टरच्या जागी बसणारं भिंग. या लेखात मी त्यांना ट्यूब आणि काच म्हणणार आहे. दोन्ही हलक्या, दोन्ही खिशात मावतात, दोन्ही लावल्या की लांबचा डोंगर फोकस होत नाही. वरवरचं साम्य एवढंच, आणि त्यावरूनच लोक दोन्ही एकच समजतात.

आता मुख्य मुद्दा. दोघींचा लेन्सच्या फोकल लेंग्थशी (लेन्सवरचा ५०, २५० असा मिलिमीटरचा आकडा) असलेला संबंध एकमेकीच्या बरोबर उलटा आहे.

ट्यूब लेन्सला सेन्सरपासून (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) लांब नेते, दुसरं काही करत नाही. ५० ची लेन्स अनंतावर, म्हणजे खूप लांबच्या वस्तूवर, फोकस असताना तिचं प्रकाशीय केंद्र सेन्सरपासून ५० मिमीवर असतं. तिला आणखी ३६ मिमी पुढे ढकललं, तर आधीच्या अंतराच्या पाऊण हिश्शाइतकी भर पडली. तीच ३६ मिमीची भर २५० च्या लेन्सला घातली, तर तिच्या दृष्टीने ती किरकोळ. ट्यूबमुळे सेन्सरवरच्या चित्राच्या आकारात, मूळ वस्तूच्या मानाने, किती भर पडते त्याचा हिशेब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. ५० वर ३६ ÷ ५० म्हणजे ०.७२ पट. २५० वर ३६ ÷ २५० म्हणजे जेमतेम ०.१४ पट. लेन्सची स्वतःची जवळून फोकस करण्याची जी काही ताकद असेल, ती यात वर मिळवायची. भाच्याच्या फोटोत मुंगळा जो काही दिसत होता, तो बराचसा त्या ताकदीमुळे. ट्यूबचा वाटा फारच थोडा होता.

काचेचं गणित वेगळं आहे, आणि ते समजायला चष्मा पुरतो. काचेवर जो +२, +४ असा नंबर असतो, तो चष्म्याचाच नंबर. एक हजाराला त्या नंबराने भागलं की काचेची फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये मिळते. +४ म्हणजे २५० मिमी. आता मुंगळा या काचेपासून बरोबर २५ सेंटिमीटरवर असेल, तर त्याच्याकडून येणारे किरण काचेतून समांतर होऊन बाहेर पडतात. मागच्या लेन्सला वाटतं, मुंगळा खूप लांब आहे. मग ती लांबच्या गोष्टीसाठी जे करते तेच करते: जितकी जास्त टेलि, म्हणजे जितकी मोठी फोकल लेंग्थ, तितकं मोठं चित्र. म्हणून इथे भागाकार उलटा: लेन्सची फोकल लेंग्थ भागिले काचेची फोकल लेंग्थ. २५० वर २५० ÷ २५० म्हणजे पूर्ण एक पट. ५० वर ५० ÷ २५० म्हणजे ०.२ पट.

एक पट म्हणजे एक सेंटिमीटरचा मुंगळा सेन्सरवरही एक सेंटिमीटरचा. एपीएस-सी या बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांतल्या सेन्सरची रुंदी साधारण २२ ते २४ मिमी असते, म्हणजे मुंगळ्याने जवळजवळ अर्धी फ्रेम व्यापली. ३६ ची ट्यूब आणि +४ ची काच, दोन्ही वस्तू त्याच राहिल्या, फक्त मागची लेन्स बदलली की निकाल पार उलटतो. "दोघींत चांगली कुठली" या प्रश्नाला लेन्सचं नाव घेतल्याशिवाय उत्तरच नाही.

मी भाच्याला त्या दिवशी आधी झूम मागे घ्यायला लावला. ट्यूब तशीच ठेव आणि ५५ वर ये. त्याला पटेना, कारण झूम मागे घेतला की चित्र लहान होतं हे सगळ्यांच्या हाडात मुरलेलं असतं. पण ३६ ÷ ५५ म्हणजे ०.६५. मुंगळा एकदम मोठा झाला. त्याच वेळी लेन्स इतकी पुढे न्यावी लागली की तिची सावली मुंगळ्यावर पडली आणि तो पानाखाली गेला. मग ट्यूब काढली, पुढे माझी +४ ची काच लावली आणि झूम परत २५० वर नेला. या वेळी मुंगळ्याच्या मिशांचे सांधे दिसले. अंतर होतं वीतभर.

हे वीतभर अंतर फार मोलाचं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. लेन्स अनंतावर ठेवली तर काचेपासून विषयापर्यंतचं अंतर काचेच्या फोकल लेंग्थइतकंच राहतं. मागे ५० असो, १०० असो, २५० असो, +४ ला २५ सेंटिमीटर. म्हणजे टाचणी (चतुरासारखा सडपातळ कीटक) गवताच्या पात्यावर बसली आहे, तर १०० वर पूर्ण टाचणी घ्या आणि जागेवरून न हलता झूम पुढे नेऊन नुसते डोळे घ्या. फोकसमध्ये किंचित दुरुस्ती लागते, बस. ट्यूब लावून झूम हलवला की फोकस पूर्ण जातो आणि पुन्हा पुढेमागे सरकून शोधावा लागतो. तोवर टाचणी उडालेली असते. ५० च्या लेन्समागे ३६ ची ट्यूब लावली तर पुढच्या कडेपासून विषय दहा सेंटिमीटरच्या आत येतो. शेवाळाला, बुरशीला, वाळलेल्या बीजाला त्याचं काही नाही. चतुराला आहे.

रत्नागिरीकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, ऑगस्टमध्ये पाणी झिरपत असतं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची रोपं उगवलेली असतात. त्या वनस्पतीचं पान म्हणजे लालसर तंतू, त्यावर उभे केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मागच्या वर्षी अशाच एका पानावर गव्हाच्या दाण्याहून लहान माशी अडकली होती. एक पाय अजून हलत होता. प्रत्येक थेंबात आभाळ उलटं दिसत होतं. एका थेंबावर फोकस घेतला की त्याच्या मागचा मिलिमीटरभर दूरचा थेंब धूसर. हा फोटो मी ५० आणि ट्यूब घेऊन काढायला गेलो असतो, तर कोपर टेकायला आजूबाजूची दहा रोपं आणि सीतेच्या आसवांची जांभळी फुलं चिरडली असती. वीतभर लांबून, उघड्या दगडावर कोपर टेकवून तो निघाला. कासच्या पठारावर किंवा कुठल्याही सड्यावर फुलं तुडवून काढलेला फोटो मला बघवत नाही, तो कितीही तीक्ष्ण असो.

आता त्या "काच नाही म्हणून क्वालिटी जात नाही" या वाक्याकडे. ट्यूबमध्ये काच नसते हे खरं. पण साधी ५० लांबच्या गोष्टींसाठी आखलेली असते. ट्यूब लावून तुम्ही तिला अशा अंतरावर काम करायला लावता जे तिच्या आखणीत नव्हतंच. कडा मऊ होतात, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) उघडं ठेवलं तर जास्तच. चांगली काच लावली तर मागची लेन्स अनंतावरच राहते, म्हणजे जिथे ती उत्तम चालते तिथेच. वाईट नाव मिळालं ते एकेरी काचेमुळे. +१, +२, +४, +१० असा डबीतला संच मिळतो ना, तो. त्यात प्रत्येक फिल्टर म्हणजे एकच भिंग, त्यामुळे मुंगळ्याच्या पायांना जांभळी-हिरवी किनार येते, आणि लोक चारही एकावर एक चढवतात तेव्हा तर चित्राची लापशी होते. तो संच घेऊ नका. ॲक्रोमॅट घ्या, म्हणजे दोन किंवा जास्त वेगळ्या जातीच्या भिंगांची काच, जी रंगांना एका जागी आणते. रेनॉक्सची डीसीआर-१५० ही +४.८ ची, डीसीआर-२५० ही +८ ची. या दोन्ही चिमट्याने लेन्सच्या ५२ ते ६७ मिमीच्या तोंडावर बसतात. कॅननच्या ५००डी काचेच्या नावातच तिची फोकल लेंग्थ आहे, ५०० मिमी, म्हणजे +२. नवख्याने डीसीआर-२५० ने सुरुवात करू नये. विषय साडेबारा सेंटिमीटरवर येतो आणि फोकसची पट्टी कागदासारखी पातळ होते.

ट्यूब घेणार असाल तर पिना (लेन्स आणि कॅमेऱ्यातला विद्युत संपर्क जोडणाऱ्या) असलेलीच घ्या. बिनपिनांची स्वस्त नळी आजच्या बहुतेक लेन्सशी बोलू शकत नाही, त्यामुळे ॲपर्चर तुमच्या हातात राहत नाही.

प्रकाशाचं थोडक्यात. ट्यूब प्रकाश खाते, एक पटीला साधारण दोन स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो). काच खात नाही. पण म्हणून काच जिंकली असं नाही, कारण एक पटीला ट्यूबवरचा एफ ८ (ॲपर्चरचा आकडा; मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) प्रत्यक्षात एफ १६ सारखा वागतो आणि फोकसची खोलीही (पुढेमागे किती भाग स्पष्ट दिसतो ती) तेवढीच देतो. काचेवर तेवढी खोली हवी तर एफ १६ लावावाच लागतो. फ्लॅश दोन्हीकडे लागणारच.

पावसात मात्र फरक पडतो. ट्यूब लावायला लेन्स काढावी लागते आणि ताम्हिणीतल्या धुक्यात उघडा सेन्सर मी तरी कधी ठेवणार नाही. काच दोन सेकंदांत लागते, निघते.

मोबाइलवर चिमटा लावून बसवतात ती "मॅक्रो लेन्स" काचेच्याच जातीची. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ पाच-सात मिमी असते, म्हणून तिथे फार मोठ्या नंबराची काच लागते आणि किड्याला जवळजवळ टेकावं लागतं. फोनला टेलि कॅमेरा असेल तर चिमटा त्याच्यावर लावा. भागाकार तोच, वरचा आकडा मोठा. फक्त जवळ गेल्यावर फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जात नाही ना, हे टेलि कॅमेऱ्यावर बोट ठेवून तपासा. चित्र काळं झालं नाही तर तो दुसऱ्याच डोळ्याने बघतोय.

भाच्याने ट्यूब विकली नाही. एक जुनी ५० घेतली आणि ट्यूब तिच्यामागे लावून तो आता घराच्या गच्चीवरच्या शेवाळाचे फोटो काढतो. ताम्हिणीला जाताना ५५-२५० आणि खिशात +४.