चौघांचा गेम आणि पहिला आठवडा

नवा को-ऑप, म्हणजे मिळून खेळायचा, ॲक्शन गेम जाहीर झाला की सोलापुरातल्या पोरांचे पहिले प्रश्न ग्राफिक्सचे नसतात. किती जीबीचा आहे, कितीला आहे आणि चौघांना चार प्रती घ्याव्या लागणार का, हे आधी विचारलं जातं. त्यापाठोपाठ हमखास येणारा प्रश्न म्हणजे "क्रॉसप्ले हाय का बे?", म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळता येतं का. कारण कंपू आता एका गल्लीत राहत नाही. एक जण जुळे सोलापुरात पीसीवर, दुसरा अक्कलकोट रोडला प्लेस्टेशनवर, तिसरा हिंजवडीत आणि चौथा हैदराबादला. दर शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने घरी येणं जमत नाही, तेव्हा गाठभेट रात्री दहानंतर हेडफोनवरच होते. मराठी, तेलुगू आणि हिंदीची भेसळ करून.

८ फेब्रुवारी २०२४ ला आलेल्या 'हेल्डायव्हर्स २'ने यातल्या बऱ्याच प्रश्नांना उत्तर दिलं. प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर तो एकाच दिवशी आला आणि दोन्हीकडचे खेळाडू एकत्र खेळू शकत होते. किंमत ४० डॉलर, म्हणजे ७० डॉलरला विकल्या जाणाऱ्या मोठ्या गेमपेक्षा बरीच कमी. चौघांनी परग्रहावर उतरायचं, किडे नाहीतर यंत्रमानव मारायचे, काम उरकून यानात परतायचं. पण पहिल्या काही दिवसांत लाखो लोकांना आत शिरताच येईना. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, शेरे कडवट होऊ लागले. आत पोचलेले लोक मात्र हरखून गेले होते.

एकाच गेमबद्दल एकाच आठवड्यात अशी दोन टोकं का दिसतात? गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत तासभर ताटकळलेला माणूस पाळण्याबद्दल काय सांगणार, तो रांगेबद्दलच बोलणार. डाउनलोड करून, चौघांनी मिळून खेळायच्या गेमचा पहिला आठवडा म्हणजे बहुतेक वेळा रांगेबद्दलची बोंब असते. आणि हे २०२४ मध्ये सुरू झालेलं नाही.

सुरुवात व्हिडिओ गेम पार्लरपासून करावी लागते, कारण तिथे रांग होती पण जोडणीची भानगड नव्हती. १९८५ साली अटारी गेम्सने 'गॉन्टलेट' नावाचं आर्केड यंत्र काढलं. एड लॉग हा त्याचा रचनाकार. एका पडद्यापुढे चार जणांची सोय, चार वेगवेगळी पात्रं आणि एकच भुलभुलैया. त्यात खेळाडूची शक्ती काही न करताही सेकंदागणिक घटत राहायची आणि नाणं टाकलं की वाढायची. चौघं एकत्र खेळतात म्हणजे चौघांचे खिसे एकाच वेळी रिकामे होतात, हे गणित पार्लरवाल्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मैत्रीबित्रीच्या गोष्टी नंतरच्या. को-ऑप ॲक्शनची पहिली प्रेरणा गल्ल्यातली होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे या परंपरेचा खरा राजा १९९३ चा, कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. हे नाव किती जणांना माहीत होतं कोण जाणे. भारतभर तो 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला गेला, कारण त्यातलं सर्वांत चपळ पात्र मुस्तफा आणि त्याच्यासाठी भांडणं व्हायची. सोलापुरात टॉकीजच्या आसपासच्या अंधाऱ्या पार्लरमध्ये ज्यांनी नव्वदीतली दुपार घालवली, त्यांना दांडक्याचा तो खडखडाट अजून आठवत असेल. मूळ यंत्रावर तिघं खेळू शकत. सोबती शेजारीच उभा असे. त्याने वाटेतली कोंबडी एकट्याने खाल्ली तर लगेच कोपर मारता येत असे. लॅग नाही, पिंग नाही, सर्व्हर नाही.

घरात हेच काम 'कॉन्ट्रा'ने केलं. १९८७ साली कोनामीने तो आर्केडसाठी काढला, पुढच्या वर्षी घरगुती यंत्रावर आणला, आणि आपल्याकडे तो पोचला टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांसोबत, पिवळ्या कॅसेटमधून. दोघांनी मिळून खेळायचा. धबधब्याच्या टप्प्यात पडदा वर सरकायला लागला की मागे राहिलेला गडी आपोआप मरायचा, आणि त्यावरून भावाभावांत जुंपायची. तीस जीव मिळवण्याचा संकेत पोरांना पाढ्यांपेक्षा पक्का पाठ होता: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, मग बी, ए. हा संकेत लक्षात ठेवा, तो पुढे वेगळ्या रूपात परत येतो.

डाउनलोडचा काळ उजाडला तो २००४ नंतर, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स लाइव्ह आर्केडमुळे. डिस्क नाही, दुकान नाही. छोटा गेम, कमी पैसे, थेट यंत्रात. एक्सबॉक्स ३६० च्या सुरुवातीच्या दिवसांत या गेमवर ५० एमबीची मर्यादा होती, कारण यंत्राचं मेमरी कार्डच ६४ एमबीचं होतं. पुढे मर्यादा १५० वर, मग ३५० वर आणि त्यानंतर थेट २ जीबीवर गेली. एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ मध्ये आला खरा, पण सोलापुरात त्या वर्षांत भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून भिंतीवर चिकटवलेलं असे. बीएसएनएलच्या २५६ केबीपीएसच्या जोडणीवर ३५० एमबी उतरवायला तीन तास लागतात, तेही लाइन मध्येच तुटली नाही तर. म्हणून रात्री २ ते सकाळी ८ मोफत डाउनलोड देणारी योजना घेतलेल्या घराला फार भाव होता. गजर लावून दोन वाजता उठणं आणि आईला कळू न देता मॉडेम चालू करणं, ही एका पिढीची डाउनलोडची दीक्षा.

यात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. आपल्याकडचे बहुतेक गेम तेव्हा पायरेटेड असत आणि पायरेटेड प्रतीवर ऑनलाइन सोबत मिळत नसे. एकट्याने खेळायचे गेम आपण जगाबरोबर खेळलो, पण चौघांनी दूरदूर बसून खेळायचा को-ऑप आपल्यापर्यंत दहा वर्षं उशिरा आला. मधली जागा नेट कॅफेतल्या लॅनने, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांनी, भरून काढली.

बाहेर मात्र २००८ साली या प्रकाराचं सोनं झालं. ऑगस्टमध्ये 'कॅसल क्रॅशर्स' आला. द बेहेमॉथ या छोट्या चमूचा, हाताने काढलेल्या चित्रांचा, चार सरदारांचा मारधाडपट. राजकन्येची सुटका होईपर्यंत चौघं मित्र; सुटका झाली की तिच्यासाठी एकमेकांवरच तलवारी उपसायच्या. बऱ्याच आधीपासून त्याच्या झलका दिसत असल्यामुळे लोक टपून बसले होते. आला आणि तुफान खपला, पण ऑनलाइन सोबती मिळवताना जोडणी तुटत राहिली. दुरुस्ती यायला डिसेंबर उजाडला. एका सोफ्यावर बसून खेळणारे खूश, दूरून खेळणारे वैतागलेले. २०१० मध्ये 'लारा क्रॉफ्ट अँड द गार्डियन ऑफ लाइट'ने दुसरा मार्ग निवडला. गेम ऑगस्टमध्ये दिला, ऑनलाइन सोबतीची सोय मागाहून अपडेटने. लाराच्या दोरावरून दोन हजार वर्षांपूर्वीचा योद्धा टोटेक चालतो, त्याच्या भाल्यांवर पाय ठेवून लारा चढते. गेमची रचनाच दोघांची. आणि पहिल्या दिवशी दुसरा माणूस तुमच्याच खोलीत असायला हवा! तरी कौतुक झालं, कारण खोलीत दुसरा असेल तर गेम खरोखर अव्वल होता.

आता 'हेल्डायव्हर्स' बनवणाऱ्या ॲरोहेडकडे. स्वीडनच्या या स्टुडिओचा पहिला मोठा गेम 'मॅजिका', जानेवारी २०११ मधला. चार जादूगार, मूलतत्त्वांची भराभर जुळवाजुळव करून मंत्र टाकायचे, आणि तुमच्या विजेने मित्रही भाजून निघायचा. तो इतक्या दोषांसह बाहेर पडला की सुरुवातीला जवळपास रोज दुरुस्तीचा पॅच येत होता. पुढे चमूने माफी म्हणून 'मिआ कल्पा' नावाचं फुकट जोडपत्रच दिलं, चेष्टेच्या सुरात. तरी गेम खपला. याच चमूकडे २०१४ मध्ये जुन्या 'गॉन्टलेट'ची नवी आवृत्ती करायचं काम आलं. म्हणजे पार्लरमधल्या त्या चार दांडक्यांच्या यंत्राचे हे थेट वारसदार. २०१५ मध्ये त्यांचा पहिला 'हेल्डायव्हर्स' आला: वरून दिसणारं रणांगण, चार सैनिक आणि नेहमी चालू असलेली आपसातली गोळीबाराची शक्यता. मदत मागवायची तर लढता लढता बाणांचा संकेत दाबायचा. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर, म्हणजे मेलेल्या सोबत्याला परत बोलवा. 'कॉन्ट्रा'ची बोटं इथे ओळखीची वाटतात.

पहिल्या भागाचा चाहतावर्ग निष्ठावान पण लहान होता. स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांचा त्याचा उच्चांक सात हजारांच्याही आत. मे २०२३ मध्ये दुसरा भाग जाहीर झाला तेव्हा याच जुन्या मंडळींनी शंका काढल्या. कॅमेरा वरून काढून खांद्यामागे आणला तर चौघांचं एकमेकांवर लक्ष कसं राहणार? पैसे देऊन शस्त्रं घ्यायची सोय आहे म्हणजे पिळवणूक असणार का? पीसीवाल्यांना नको होता तो संगणकात खोलवर शिरणारा चीटविरोधी प्रोग्राम. शंका रास्त होत्या. आणखी एक अडचण कुणाच्या फारशी डोळ्यांवर आली नाही: ज्या इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, गेम बांधला, ते स्टिंगरे ऑटोडेस्क कंपनीने २०१८ मध्येच बंद केलं होतं. काम सुरू झालं होतं २०१६ ला. परतीची वाट नव्हती.

दरम्यान आपल्याकडेही जमीन तयार झाली होती. २०१५ च्या अखेरीस स्टीमवर रुपयात किमती आल्या, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि २०१८ च्या 'पबजी मोबाइल'ने लाखो पोरांना चौघांची तुकडी, हेडफोन आणि "मला उचल, मरालोय मी" ही भाषा शिकवली. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, २०२१ च्या जुलैत त्याचाच भारतीय अवतार 'बीजीएमआय'. ती पोरं नोकरीला लागली, लॅपटॉप आले. को-ऑप त्यांना कुणी शिकवायची गरज उरली नव्हती.

म्हणून सात हजारांच्या अंदाजाने बघणाऱ्या बाजारात 'हेल्डायव्हर्स २'ला स्टीमवर एका वेळी साडेचार लाखांहून अधिक लोक आले. स्टुडिओला एकूण संख्येवर साडेचार लाखांची मर्यादा घालावी लागली, मग ती सात आणि पुढे आठ लाखांपर्यंत वाढवली. जागा मिळालेले काही हुशार लोक गेम चालू ठेवूनच झोपू लागले, त्यामुळे नुसत्या बसून राहिलेल्यांना बाहेर काढायची सोय करावी लागली. मोहीम फत्ते होऊनही बक्षीस जमा न होण्याच्या तक्रारी होत्याच. स्टुडिओचे तेव्हाचे प्रमुख योहान पिलेस्टेट यांनी तर पैशाची ओढाताण असेल तर सर्व्हर सुधारेपर्यंत थांबा, अशा अर्थाचं जाहीरपणे सांगितलं. विकणाऱ्याने असं सांगणं दुर्मीळ.

सर्व्हर सुधारले तसे शेरेही बदलले. सगळ्या खेळाडूंचं मिळून एकच युद्ध, एकच नकाशा; मालेव्हेलॉन क्रीक नावाच्या ग्रहावरच्या लढाईच्या कहाण्या गेम न घेतलेल्यांपर्यंतही पोचल्या. १२ आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती गेल्या. मग मेच्या सुरुवातीला सोनीने पीसीवाल्यांना प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं सक्तीचं करायचं ठरवलं आणि दोन लाखांहून अधिक नकारात्मक शेरे पडले. अनेक देशांत ते खातं काढताच येत नव्हतं. भारतात येत होतं, पण ज्याचा सोबती तसं खातं नसलेल्या देशात, त्याचा कंपू मोडणारच. काही दिवसांत सोनीने माघार घेतली. ही बोंबही गेमबद्दल नव्हती, कोण कुणासोबत खेळू शकतो याबद्दल होती.

उलट बाजूही बघायला हवी. हेझलाइट या दुसऱ्या स्वीडिश स्टुडिओने 'अ वे आउट' (२०१८), 'इट टेक्स टू' (२०२१) आणि 'स्प्लिट फिक्शन' (मार्च २०२५) या तिन्ही गेममध्ये एकाने विकत घ्यायचा आणि दुसऱ्याने फुकट उतरवायचा, ही सोय ठेवली. खेळाडू फक्त दोन. 'स्प्लिट फिक्शन' पहिल्या आठवड्यात २० लाख खपला आणि पहिल्या प्रतिक्रिया खुद्द गेमबद्दलच होत्या. सोलापुरात दोघांत एक प्रत हा हिशेब पटवायला फार बोलावं लागत नाही.

'हेल्डायव्हर्स २' २६ ऑगस्ट २०२५ ला एक्सबॉक्सवरही आला. पीसीवर तो फुगत सुमारे १५० जीबीला पोचला होता, कारण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर लवकर उघडावा म्हणून तोच डेटा अनेकदा साठवलेला होता. डिसेंबर २०२५ मध्ये ही पुनरावृत्ती काढून त्याची सुमारे २३ जीबीची आवृत्ती दिली गेली. लहान एसएसडीवर चार गेम कोंबणाऱ्यांना यापुढे तो काढून टाकायचा की ठेवायचा, हा वाद घालावा लागणार नाही.