संथ बर्फाचा हादरा

कॅनडाच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात, १२ एप्रिल १९८६ रोजी, ‘मोलिकपाक’ हा तेलशोधाचा प्लॅटफॉर्म गदागदा हलू लागला. समुद्र गोठलेला, म्हणजे लाटांचा प्रश्नच नव्हता. भूकंपही नव्हता. अनेक उन्हाळे न वितळता जाड होत गेलेली बर्फाची एक अजस्र लादी सेकंदाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकत येऊन त्याला भिडली होती, एवढेच.

आणि मोलिकपाक काही काटकुळ्या खांबांवर उभा नव्हता. समुद्रतळावर टेकवलेले प्रचंड पोलादी कडे आणि त्याच्या पोटात भरलेली वाळू, असा तो ऐवज. बर्फाच्या रेट्यापुढे त्याला जागेवर धरून ठेवण्याची मुख्य भिस्त या वाळूवरच. प्रत्येक हादऱ्यासरशी कणांमधल्या पाण्याचा दाब वाढत गेला, कणांची एकमेकांवरची पकड सुटू लागली आणि काही भागातली वाळू चक्क द्रवासारखी झाली. प्लॅटफॉर्म बचावला, पुढे रशियात सखालिन बेटाजवळ नेऊन त्यावरून तेलही काढले गेले.

पण इतक्या संथ बर्फाने हादरे बसावेतच का? खडू उलटा धरून फळ्यावर ढकलला, तर तो टकटकत ठिपक्यांची रेघ काढतो. हात एकसारखा सरकत असतो, खडू मात्र अडकतो आणि सुटतो. इथेही तसेच. बर्फ रेटतो, प्लॅटफॉर्म किंचित वाकतो. सावकाश दाबलेला बर्फ चिवट असतो, बराच भार पेलतो. अखेर तो चुरडतो तेव्हा प्लॅटफॉर्म स्प्रिंगसारखा उसळून मागे येतो. वेगाने दाबलेला बर्फ ठिसूळ, म्हणून या उसळीला विरोध कमी होतो. मग पुन्हा रेटा. हा ठेका प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या नैसर्गिक कंपनाशी जुळला की हादरे थांबत नाहीत. लादी जोरात आली, तर बर्फ जागोजागी वेगवेगळ्या वेळी फुटतो आणि ठेका जमतच नाही. कानठळ्या बसवणाऱ्या वेगवान बर्फापेक्षा मंद बर्फाचीच धास्ती जास्त बाळगावी, ती यासाठी.

उपाय दिसायला सोपा आहे: पाण्याच्या पातळीला खांबाभोवती शंकू बसवायचा. बर्फ त्यावर चढतो आणि चुरडण्याऐवजी वाकून मोडतो. वाकवून मोडायला जोर बराच कमी लागतो. कॅनडातल्या १२.९ किलोमीटर लांबीच्या कॉन्फेडरेशन पुलाच्या खांबांना असेच शंकू आहेत. चीनच्या बोहाई समुद्रातल्या प्लॅटफॉर्मनाही ते बसवले. तरी शंकू रामबाण नव्हे. वाकून मोडणाऱ्या बर्फाचे तुकडेही साधारण सारख्या लांबीचे पडतात, आणि त्या पडण्याची लय सांगाड्याशी जुळली, तर कंप पुन्हा सुरू होतात. बोहाईत तेही नोंदले गेले आहे.