नकाशात नसलेले पाणी: पुण्याचे भूजल आणि विकास आराखडा

पुण्याच्या पाण्याचा विषय निघाला की बोलणे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या साठ्यापाशी येऊन थांबते. परंतु 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावे महापालिकेत आली. त्या कडेच्या पट्ट्यातील असंख्य इमारती बोअरवेल आणि टँकर यांच्या भरवशावर उभ्या राहिल्या असून, तो टँकरही पुष्कळदा परिसरातल्याच एखाद्या विहिरीवर भरून येतो. म्हणजे धरणाखालोखाल या शहराला जगवणारा दुसरा साठा त्याच्या पायाखालीच आहे, आणि शहरातील जमिनीचा वापर ठरवणाऱ्या विकास आराखड्याच्या नकाशावर त्याची एक रेषाही दिसत नाही.

हा साठा समजून घेण्यासाठी आधी खडक समजून घ्यावा लागतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचा बेसॉल्ट घडला. प्रत्येक थराचा गाभा बहुधा घट्ट काळ्या पाषाणाचा असतो, तर माथ्याकडचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला असतो. पृष्ठभागाजवळ खडक झिजून मुरूम बनतो. पाणी मुख्यतः या मुरमात, सच्छिद्र भागात आणि खडकाच्या आडव्या-उभ्या भेगांत साठते. अशा पाणी धरणाऱ्या थराला जलधर म्हणतात. भेगांची रचना जागोजागी बदलत असल्यामुळे एका सोसायटीच्या बोअरला भरपूर पाणी लागते आणि भिंतीपलीकडच्या बोअरमधून केवळ धूळ उडते.

गंगेच्या खोऱ्यातील वाळूच्या जाड थरांशी तुलना केली तर बेसॉल्टची साठवण फार तोकडी आहे. खडकाच्या एकूण आकारमानापैकी साधारण 1 ते 3 टक्के इतकेच पाणी उपशासाठी सुटे होते. हा आकडा 2 टक्के धरला, तर 1000 चौरस मीटरच्या भूखंडाखाली पाण्याची पातळी एक मीटरने खाली जाते तेव्हा आपल्याला मिळतात 20 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. त्याच भूखंडावर 40 सदनिकांची इमारत असेल, प्रत्येक घरात चार माणसे असतील आणि माणशी दिवसाला 135 लिटर हे प्रचलित प्रमाण मानले, तर रोजची गरज 21,600 लिटर होते. आता वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरू. भूखंडावर सात लाख लिटर पाणी पडेल. जमीन उघडी असताना त्यातील दहावा हिस्सा मुरला, तरी ते 70 हजार लिटर होतात, आणि तेवढ्यात ही इमारत जेमतेम तीन दिवस काढते!

छतावरचे पाणी मुरवणे हा उपाय राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना बंधनकारक केला आहे, आणि तो करायलाच हवा. मात्र 500 चौरस मीटरच्या छतावरून वाया जाणारे वगळून 80 टक्के पाणी हाती आले, तरी ते 2 लाख 80 हजार लिटर, म्हणजे तेरा दिवसांचे पाणी होते. उरलेले साडेअकरा महिने ती इमारत दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीत मुरलेले पाणी उपसत असते. म्हणून भूजलाचा हिशेब भूखंडाच्या हद्दीत बसत नाही, तो संपूर्ण पाणलोटाचाच, म्हणजे ज्या भागातील पाणी उताराने एकाच ओढ्या-नदीकडे जाते त्या सगळ्या क्षेत्राचा, मांडावा लागतो.

यात तळघरांची भर पडली आहे, आणि या प्रश्नाकडे आपले सर्वांत कमी लक्ष आहे असे मला वाटते. वाहनतळासाठी दोन-तीन मजले खोल खणताना जो मुरूम उचलला जातो, तोच अनेक ठिकाणी उथळ जलधर असतो. तो कापला गेल्यावर आजूबाजूचे पाणी त्या खड्ड्याकडे झिरपू लागते, आणि तळघर कोरडे ठेवण्यासाठी ते पंपाने उपसून पावसाळी गटारात सोडावे लागते. दुसऱ्या बाजूने खोल बोअर घेताना वरच्या थरात नळी नीट बसवली नाही, तर उथळ जलधराचे पाणी त्याच भोकातून खाली गळून जाते आणि शेजारची जुनी विहीर आटते. राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. पण बोअरची नोंदच नसेल, तर खोली तपासणार कोण?

ज्या मुरमातून पाऊस सहज मुरतो, त्यातूनच फुटक्या मलवाहिनीचे आणि शोषखड्ड्याचे पाणीही मुरते. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्न-पाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला, तेव्हा विहिरीच्या पाण्याची चिंता प्रथमच शहराच्या घराघरांत पोहोचली. विहिरीभोवती किती अंतरापर्यंत मलवाहिनी किंवा कचऱ्याचा ढीग असू नये, हे पाणी कोणत्या दिशेने वाहते त्यावरून ठरवावे लागते, आणि ती दिशा जलधराचा नकाशा असल्याशिवाय कळत नाही.

भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर या मार्गाने येऊन मुळेला मिळणारी रामनदी येथे चांगले उदाहरण ठरते. पावसाळा सरल्यावर अशा छोट्या नदीत जे स्वच्छ पाणी वाहते, ते टेकड्यांच्या उतारावर मुरून झऱ्यांच्या वाटेने बाहेर आलेले भूजलच असते. उतारावर काँक्रीट पसरले आणि पात्राकाठी भराव पडला, की नदीत उरते ते सांडपाणी. पुण्याच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानासाठी सुमारे 978 हेक्टरचे आरक्षण आहे. त्याची चर्चा झाडे आणि मोकळी हवा यांच्या अंगाने होते. माझ्या मते त्याची नोंद पाणीपुरवठ्याच्या पायाभूत सुविधांतही व्हायला हवी. नव्या गावांत रस्त्यांची आखणी करण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने पुनर्भरणाचे (पाऊस मुरून भूजल भरण्याचे) पट्टे, झरे आणि वापरातील विहिरी नकाशावर आणता येतील, त्या पट्ट्यांत तळघरांची खोली आणि फरसबंदीचे प्रमाण ठरवता येईल, आणि बांधकाम परवानगीच्या अर्जात उपसून टाकल्या जाणाऱ्या पाण्याचा आकडा मागता येईल. मुरमाचा थर एकदा खणून नेला की तो परत आणून बसवता येत नाही, त्यामुळे हे काम पहिला खड्डा पडण्याआधीच व्हावे लागेल.