पार्श्वभूमी: नट, स्प्लिट पिन आणि नऊ आसनांची रेघ

अमेरिकेत पर्यटन हेलिकॉप्टरांसाठी झालेले नियम बहुतांशी आकाशातले अपघात पाहून झाले. 18 जून 1986 रोजी ग्रँड कॅन्यनवर एक ट्विन ऑटर विमान आणि एक बेल 206 हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळले आणि 25 जण गेले. पुढच्याच वर्षी कायदा झाला, आणि 1988 पासून दरीवरचे मार्ग व उंची ठरवून दिली गेली. 14 जुलै 1994 रोजी हवाई बेटांजवळ एकाच दिवशी दोन पर्यटन हेलिकॉप्टरे पाण्यात उतरली. त्याच वर्षी तिथे 1,500 फुटांची किमान उंची आणि पाण्यावर तरंगण्याच्या साधनांचे नियम आले. रात्री हँगरमध्ये काय होते, कोण करते आणि ते पुन्हा कोण तपासते, याकडे मात्र कोणी फारसे वळले नाही.

वळायला हवे होते हे 8 मार्च 2007 रोजी दिसले. कवाई बेटावरील प्रिन्सव्हिल विमानतळावर उतरू पाहणारे एएस 350 जातीचे हेलिकॉप्टर कोसळले. वैमानिक आणि तीन प्रवासी मरण पावले. मुख्य रोटरच्या, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांच्या, डाव्या बाजूच्या सर्व्होचा (वैमानिकाचा जोर तेलाच्या दाबाने, म्हणजे हायड्रॉलिकने, वाढवणाऱ्या यंत्राचा) खालचा जोड नीट आवळलेला नव्हता आणि त्यातले लॉक वॉशर, म्हणजे जोड सैल होऊ न देणारी चकती, फार झिजलेले होते. आधी जोड सैल झाला, मग सुटला. हवामान किंवा उंचीचा यात प्रश्न नव्हता.

पुढचा अपघात जवळजवळ त्याच पठडीतला, पण त्याची कागदोपत्री उकल अधिक सविस्तर झाली. 7 डिसेंबर 2011 रोजी संध्याकाळी लास वेगासहून हूवर धरणाच्या फेरीवर निघालेले एएस 350 बी 2 डोंगरात कोसळले. वैमानिक आणि चार प्रवासी ठार झाले. प्रवाशांत दोन भारतीय होते. रडारच्या नोंदींनुसार 3,500 फुटांवर सरळ चाललेले हेलिकॉप्टर अचानक सुमारे 600 फूट वर गेले, डावीकडे काटकोनात वळले आणि थोड्याच वेळात खाली आले. आदल्या दिवशी त्याची 100 उड्डाण-तासांची तपासणी झाली होती आणि तीत मुख्य रोटरचा पुढे-मागे झुकाव देणारा सर्व्हो बदलला होता.

या हेलिकॉप्टरात मुख्य रोटरला तीन सर्व्हो असतात: दोन आडव्या झुकावासाठी, एक पुढे-मागे झुकावासाठी. वैमानिकाच्या दांडीची हालचाल इनपुट रॉडमधून सर्व्होकडे जाते. हा रॉड सर्व्होला एका बोल्टने जोडलेला असतो. बोल्टवर खाचांचा सेल्फ-लॉकिंग, म्हणजे घर्षणाने स्वतःच धरून राहणारा, नट बसतो आणि नटाच्या खाचेतून, बोल्टच्या भोकातून आरपार स्प्लिट पिन, म्हणजे दोन पायांची पिन, जाते. म्हणजे एकाच बोल्टला दोन कुलपे. ही उत्पादकाची हौस नव्हे. जो नट-बोल्ट सुटला तर उड्डाण धोक्यात येईल त्याला दोन वेगवेगळी कुलपे हवीत, असा हेलिकॉप्टरच्या नमुन्याला मंजुरी देतानाचा नियमच आहे. आणि बोल्ट फिरत्या जोडात असेल तर केवळ घर्षणावर धरणारा नट पुरत नाही, त्याच्या जोडीला पिनसारखे कुलूप लागते.

सेल्फ-लॉकिंग नटाची पकड प्रत्येक वेळी काढ-घाल केली की थोडी कमी होते. त्यामुळे जुना नट परत वापरता येतो, पण अट अशी की बोटांनी तो फिरता कामा नये. बोटांनीच शेवटपर्यंत गेला तर फेकून द्यायचा. काटेकोर रीत म्हणजे टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, टॉर्क पान्याने मोजणे: पाव इंची, इंचाला 28 आट्यांच्या बोल्टवर नट मोकळा फिरवताना किमान 3.5 इंच-पौंड विरोध जाणवला पाहिजे. 5/16 इंची, 24 आट्यांच्या बोल्टवर 6.5. स्प्लिट पिनेला अशी सवलत नाही. ती दर वेळी नवीच घालायची आणि तिचे दोन्ही पाय वळवायचे. नट ठरल्या टॉर्कला आणल्यावर खाच आणि भोक समोरासमोर आले नाही, तर नट ढिला करून पिन बसवायची नाही. वॉशर बदलून किंवा टॉर्कच्या मर्यादेतच थोडे पुढे नेऊन जुळवायचे. घाई इथेच नडते, कारण त्या अरुंद जागेत हात घालून पिन वळवणे कंटाळवाणे असते आणि पिन नसली तरी बाहेरून जोड पूर्ण झाल्यासारखाच दिसतो.

अमेरिकेच्या वाहतूक अपघात तपास यंत्रणेने (एनटीएसबी) जानेवारी 2013 मध्ये काढलेला निष्कर्ष असा: पकड गेलेला नट पुन्हा वापरला गेला, पिन नीट बसवली गेली नाही किंवा बसवलीच नाही, आणि नंतरच्या तपासणीत हे कोणाला दिसले नाही. नट कंपनाने मागे सरकला, बोल्ट निसटला, रॉड सुटला. हायड्रॉलिक बंद पडले तर काय करायचे याचा वैमानिकाला सराव असतो, पण इथे त्याचा उपयोग शून्य. तेव्हा दांडीपासून सर्व्होपर्यंतची यांत्रिक साखळी तरी शाबूत असते. रॉडच सुटला की त्या सर्व्होपर्यंत पोचायला वाटच राहत नाही.

ज्याने नट आवळला आणि ज्याने तपासले, त्या दोघांचीही त्या दिवशी खरे तर सुट्टी होती. आदल्या दिवशी निरोप देऊन त्यांना बोलावले होते आणि पाळी पहाटेची होती. थकवा हे अहवालातले सहायक कारण. दुसरे सहायक कारण कमी गाजले, पण माझ्या मते अधिक वजनाचे आहे: कामाच्या पायऱ्या सुट्या सुट्या लिहून प्रत्येकीपुढे सही घेणारे कार्डच नव्हते. ‘सर्व्हो बदलला’ या एका ओळीत नट, टॉर्क, पिन, पिनेचे पाय हे सगळे गडप होते.

आता ज्या निर्णयावर सर्वाधिक वाद झाला त्याकडे येऊ. अमेरिकी नियमांत पर्यटन उड्डाणांचे दोन गट आहेत. ज्या विमानतळावरून निघाले तिथेच, मध्ये कुठे न उतरता परतणारे आणि 25 मैलांच्या, म्हणजे सुमारे 40 किलोमीटरच्या, परिघात राहणारे उड्डाण हलक्या नियमांखाली चालते. त्याला नियामकाचे, म्हणजे अमेरिकी हवाई वाहतूक प्रशासनाचे (एफएए), परवानापत्र आणि मद्य-अमली पदार्थांच्या चाचण्यांची व्यवस्था लागते. पण भाड्याने प्रवासी नेणाऱ्या कंपनीचे प्रमाणपत्र, मान्य प्रशिक्षण कार्यक्रम, वैमानिकाच्या कामाच्या तासांची मर्यादा यांतले काही लागत नाही. परिघ ओलांडला की हे सगळे लागते. 2003 साली नियामकाने ही सवलत काढून टाकण्याचा मसुदा आणला. व्यवसायातून कडाडून विरोध झाला. जुन्या विमानांतून चार-दोन फेऱ्या मारणाऱ्या छोट्या माणसाचे दुकान बंद होईल, हा त्यातला मुख्य मुद्दा. 2007 च्या अंतिम नियमात सवलत कायम राहिली. तपास यंत्रणा ती काढा म्हणत राहिली. छोट्या माणसाचा मुद्दा खोटा नव्हता, पण त्याच्या आडून दिवसभर फेऱ्या मारणारे मोठे धंदेही सावलीत बसले.

या वादात एक गोष्ट मात्र हरवली. 2011 ची फेरी कडक गटातलीच होती. प्रमाणपत्र होते, मर्यादा होत्या, तरी नट सुटला. कारण दुरुस्तीच्या बाबतीत कडक गटातही एक रेघ आहे, आणि ती मैलांवर नव्हे, आसनांवर ओढलेली आहे. प्रवासी आसने दहा किंवा जास्त असतील तर सतत देखभालीचा मान्य कार्यक्रम लागतो आणि त्यात अशी कामे ठरवावी लागतात जी करणाऱ्याशिवाय दुसऱ्या अधिकृत माणसाने तपासलीच पाहिजेत. नऊ किंवा कमी असतील तर ही सक्ती नाही. एएस 350 मध्ये साधारण सहा प्रवासी, ईसी 130 मध्ये सात. म्हणजे पर्यटकांना घेऊन फिरणारी एक-इंजिनी हेलिकॉप्टरे जवळजवळ सगळीच रेघेच्या अलीकडे. वेगासच्या कंपनीकडे दुसरा तपासनीस होता तो तिच्या स्वतःच्या पद्धतीनुसार. 25 मैलांची सवलत 2007 मध्ये गेली असती तरी त्या बोल्टपाशी काही बदलले नसते.

मेकॅनिकांच्या तासांचेही तेच. मोठ्या विमान कंपन्यांच्या दुरुस्ती कर्मचाऱ्यांना सात दिवसांत सलग 24 तास सुट्टी असा नियम आहे, पण ‘किंवा महिन्याभरात तेवढीच’ अशी पळवाट त्यातच आहे. कामाच्या तासांवर मर्यादा घाला, ही शिफारस तपास यंत्रणेने 1997 मध्येच केली होती. 2013 मध्ये ती पुन्हा करावी लागली.

2018 साली प्रकाशझोत पुन्हा हँगरबाहेर गेला. 10 फेब्रुवारीला ग्रँड कॅन्यनमध्ये ईसी 130 उतरताना कोसळून पेटले आणि पाच ब्रिटिश पर्यटक दगावले. धक्क्यात न फुटणाऱ्या इंधन टाकीचा नियम 1994 चा, पण जुन्या मान्यतेखालच्या नमुन्याचे हेलिकॉप्टर नवे बनवले तरी त्याला तो लागू नव्हता. एप्रिल 2020 पासून बनणाऱ्यांसाठी ही फट बुजवली गेली. 11 मार्चला न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत उघड्या दारांचे एक हेलिकॉप्टर पडले. पुढे बसलेल्या प्रवाशाच्या सुरक्षा-पट्ट्याची दोरी इंधन बंद करण्याच्या दांडीत अडकली होती. पाचही प्रवासी बुडाले, कारण अंगावरचे हार्नेस त्यांना सोडवता आले नाहीत. हे उड्डाण हवाई छायाचित्रणाच्या वेगळ्याच सवलतीखाली झाले होते.

8 जून 2022 रोजी हवाई बेटावर बेल 407 ची शेपटी हवेतच सुटली. सहाही जण वाचले, हे आश्चर्यच. शेपटी चार बोल्टांवर असते. वरच्या डाव्या जोडाचे नट-बोल्ट जागेवर नव्हते. या बोल्टांचा टॉर्क 300 तासांनी तपासायचा होता. हे अंतर कमी करा, असे तपास यंत्रणेने तातडीने सुचवले.

एप्रिल 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमाने सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली दोन्ही गटांना, म्हणजे 25 मैलांच्या सवलतीत उडणाऱ्यांनाही, बंधनकारक केली. मुदत 28 मे 2027. धोके ओळखा, नोंदवा, त्यांवर उपाय करा आणि उपाय चालतो का ते पाहा, एवढी तिची चौकट. हे कसे करायचे ते कंपनीने ठरवायचे. कोणत्या बोल्टवर दुसऱ्या माणसाची नजर पडलीच पाहिजे, याची यादी त्या नियमात नाही.