ॲब्लेशनपूर्व हृदयचित्रण

एट्रियल फिब्रिलेशनवर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील अनियमित, भरकटलेले ठोके) कॅथेटर ॲब्लेशन (बारीक नळी आत नेऊन बिघाडाची जागा जाळणे किंवा गोठवणे) करण्याआधी डाव्या अलिंदाची (हृदयाचा वरचा डावा कप्पा) रचना आणि त्यात गुठळी आहे का, हे पाहण्यासाठी केल्या जाणाऱ्या तपासण्या. हे भरकटलेले ठोके बहुधा फुप्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या फुप्फुसशिरांमधून सुरू होतात, असे बोर्दो येथील मिशेल हायसागेर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. तेव्हापासून या शिरांची मुखे ॲब्लेशनचे मुख्य लक्ष्य ठरली.

सुरुवात छातीवरून केलेल्या साध्या इकोने (ध्वनिलहरींनी घेतलेले हृदयाचे चित्र) होते. अलिंद फार मोठे झाले असेल, तर ठोके पुन्हा बिघडण्याची शक्यता वाढते. भारतात ऱ्हुमॅटिक तापाने आकसलेली मायट्रल झडप (डाव्या अलिंदाच्या खालची झडप) अजूनही आढळते. ती बरीच आकसली असेल, तर आधी झडपेचा विचार करावा लागतो.

गुठळी मात्र साध्या इकोत सहसा सापडत नाही, कारण ती बहुतेकदा अलिंदाच्या उपांगात (त्याला जोडलेल्या छोट्या पिशवीत) दडलेली असते. त्यासाठी अन्ननलिकेतून इको (टीईई) करतात. रुग्ण सुमारे ६ तास उपाशी हवा. कवळी काढून ठेवावी आणि गिळताना त्रास होत असेल तर आधीच सांगावे. घशात बधिर करणारे लिग्नोकेन फवारून, थोडी गुंगी देऊन नळी आत सरकवतात. उपांग ०, ४५, ९० आणि १३५ अंशांतून पाहायचे; एकाच कोनातून आतल्या स्नायूचा कंगोरा हुबेहूब गुठळीसारखा दिसतो. गुठळी निघाली तर ॲब्लेशन पुढे ढकलतात, कारण कॅथेटरच्या धक्क्याने तुकडा सुटून पक्षाघात होऊ शकतो. रक्त पातळ करणारे औषध निदान ३ आठवडे देऊन पुन्हा टीईई करतात.

सीटीत शिरांचा नकाशा मिळतो. कॉन्ट्रास्ट (चित्रात रक्त उठून दिसावे म्हणून शिरेतून दिलेले द्रव्य) देण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी, तपासतात. शिरा सहसा ४. पण डावीकडच्या दोन्ही एकाच मुखाने उघडणे किंवा उजवीकडे जादा मधली शिरा असणे दुर्मीळ नाही. रुंद सामाईक मुखात २८ मिमीचा क्रायोबलून (शिरेचे मुख गोठवणारा फुगा) नीट बसत नाही, म्हणून हे आधी कळलेले बरे. उपांग काळे दिसले म्हणजे गुठळीच, असे नव्हे: संथ रक्तात कॉन्ट्रास्ट उशिरा पोहोचतो. मिनिटभराने पुन्हा चित्र घ्यावे. तेव्हाही काळेच राहिले, तर टीईईने खात्री करतात. अलिंदाला मागून चिकटलेली अन्ननलिकाही सीटीत दिसते, पण ती जागा बदलते. प्रत्यक्ष ॲब्लेशनच्या वेळी जुन्या चित्रावर विसंबू नये.

एमआरआय अलिंदातील व्रणतंतू (स्नायूच्या जागी तयार झालेली कडक ऊती) दाखवतो. मात्र ते व्रण शोधून जाळल्याने जास्त फायदा झाला नाही, असे २०२२ च्या डीकाफ-२ चाचणीत आढळले. त्यामुळे तो सरसकट करत नाहीत.